पाठ फिरवणारा देव

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझ्या ताईचं सासर एकदम जिल्ह्याचं गाव झालं. आमच्या भोकरकडच्या खेड्यात मात्र विहिरींनी तळ दाखवला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही जगरहाटी. पण आईनं ताईला निरोप धाडला, येऊ नको, इथं बाळाला न्हाऊ घालायलासुद्धा पाणी नाही. आणि स्वतः सात दिवसांच्या पारायणाला बसली. ताई सुखरूप सुटावी, एवढंच तिचं मागणं. देव पाण्यात घालून बसावं, तर पाणी कुठं होतं? मी आईवर धुसफुसतच होते. मला ताई घरी हवी होती.

पारायण निम्म्याच्या पुढं गेलं आणि भर अध्यायात टँकर आला. मी शाळेत, वडील खडी फोडायच्या कामावर. टँकर काही कुणासाठी थांबत नाही. आई आसनावरून उठली आणि घागरी घेऊन पळाली.

मी घरी आले तेव्हा घागरी भरलेल्या होत्या आणि आई पोथीसमोर सुन्न बसली होती. मधेच उठणाऱ्याकडं देव पाठ फिरवतो, असं पोथीच्या शेवटी लिहिलं होतं. आता ताईचं काही बरंवाईट होणार, या भीतीनं तिनं पाणी पिणंच सोडलं होतं. दिवस मावळला तरी घोटभर घेईना. मी म्हटलं, त्याच पोथीत आधी देव आपल्याला विसरलेल्या भक्ताच्या मागं मागं हिंडतो, मग यातलं खरं कोणतं? पोथीला उलट विचारू नये, म्हणाली. वडील समजावायला गेले, त्यांनाही तिनं गप्प केलं. तिचे ओठ सुकले होते. मला भीती वाटायला लागली, आणि भ्याले की माझी जीभ सुटते.

"ताईला तू येऊ नको म्हणलीस. मग टाकलीस का तिला?"

आई उसळली. "टाकीन कशी? तिच्यासाठीच तर बसून राहिले न्हवं."

"मग देवाला तेवढंबी जमत न्हाई व्हय?"

आता धपाटा बसणार म्हणून मी पाठ आखडून उभी राहिले. पण आईनं पाण्याचा तांब्या मागितला आणि गटागटा रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं आणि अध्याय जिथं सुटला होता तिथूनच वाचायला लागली. तिचा आवाज ऐकून माझ्या जिवात जीव आला. माझा तिच्यावरचा रागही गेला.

पारायण संपलं त्या दिवशी दाजींचा निरोप आला, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. वडिलांनी गल्लीत गूळ वाटला. गूळ मीही खाल्ला, पण मला सुटल्यासारखं वाटलं होतं ते आधीच, आईनं तांब्या मागितला तेव्हा.