थाळी पालथी घालणारी मंगला

मंगला गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिरची वाळत घालतात त्या पथारीवर होतो. दोन दिवसांचा ताप, आणि पोरगी गेली... माझ्या धाकट्या बहिणीची लेक. सव्वा महिना झाला. माझी शाळा चौथीपर्यंत, तरी हे दुसऱ्या कुणाला लिहू देणार नाही.

ती एकटीच कार्यक्रम करायची. थाळी वाजवायची, पायाने यंत्राची कळ दाबायची, की यंत्र तोच ठेका फिरून फिरून वाजवत राहायचं. त्यावर ढोल, त्यावर तिचा गळा. सगळं तिथल्या तिथे, तिच्याच हातचं. मी जन्मभर लग्नांत ढोल वाजवलेला माणूस, आधी म्हणालो, "ही तं टेप शे." तिने शेजारी बसवून पाय दाखवला, तेव्हा पटलं. पण लोकांना तो पाय दिसणार कसा? तो टेबलाच्या कापडामागे.

खांडबाऱ्याच्या बाजारात भर दुपारी कार्यक्रम होता. एक जण ओरडला, "टेप लायेल शे, बाई नुसती उभी शे." हसू पसरलं. दुसरा वायर उपटायला निघाला. मला राहवलं नाही. उठलो आणि टेबलच ओढून बाजूला केलं, कापडासकट. तिने असं पाहिलं की मीच चरकलो. मग तिने सगळं बंद केलं. वायरवाल्याचा हात वायरीवर तसाच.

ती खाली बसली. थाळी वाजवली, कळ दाबली, थाळी लोकांपुढे ठेवली. ठेका चालूच. ढोल वाजवून तोही शेजारी ठेवला. मग थाळी पालथी घातली, पायाने कळ दाबली, आणि थाळीचा तेवढा आवाज थांबला. उताणी केली, पुन्हा सुरू. वायरवाला पुढे येऊन मांडी घालून बसला.

नंतर म्हणाली, "मामा, टेबल वढाना आगोदर सांगनं व्हतं."

"तुले सांगतू तं तू वढू देती का?"

पुढे ती दर कार्यक्रमात तसंच करायची. लोक थाळी बघायला यायचे. आणि मी गावभर सांगत फिरलो, युक्ती माझी. तिच्या कानावर जायचं. तिने कधी खोडून काढलं नाही.

शोकसभेत एक मास्तर तेच बोलले, मामांच्या युक्तीने मंगला उभी राहिली. बहीण माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "दादा, आते तरी सांग." मी उठलो नाही... म्हणून आता लिहितो. थाळीची युक्ती मंगलाची. मी फक्त टेबल ओढलं.