गाडी निकालनी है

चहा आधी संपवा, मग सांगते. मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही! मी घातलेला घोळ असा आहे की तो आठवला की माझा नवरा मिलिंद आजही जेवता जेवता उठून बाल्कनीत जातो. हसायला हो! माझ्यासमोर हसायची हिंमत आहे का त्याची?

तर, आमची गाडी. आमची म्हणजे खरं तर बाबांची, माझ्या सासऱ्यांची. पुण्यात असताना ते तिला रोज सकाळी पुसायचे. एखाद दिवशी देवपूजा राहील, गाडी नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर गाडी चालवणं सुटलं, तेव्हा त्यांनी ती आम्हाला दिली आणि मिलिंद ती घेऊन नोएडाला आला. निघताना बाबा एवढंच म्हणाले, "रंग सांभाळा." लेक सासरी पाठवतानासुद्धा माणूस एवढा गहिवरत नाही!

आणि आम्ही काय सांभाळलं? कपाळ! आमच्या सोसायटीच्या तिन्ही बाजूंना बांधकामं. गाडी धुवायला येणाऱ्याकडे एक बादली, एक फडकं, आणि त्या एका फडक्यावर अख्ख्या सोसायटीच्या गाड्या. मूळचा गडद निळा रंग आता नक्की कोणता म्हणायचा, यावर आमच्या घरात दोन मतं होती.

संक्रांतीच्या सुमारास बाबांचा फोन आला. "सूनबाई, येतोय. शनिवारी पोचेन. रविवारी पानिपतला काला अंब बघायचा, आपल्या मराठ्यांचं स्मारक, फार वर्षांची इच्छा आहे. पण आपल्या गाडीनं हं, टॅक्सी नको. बॉनेटमध्ये तोंड दिसतं ना अजून?"

"दिसतं की, बाबा!" मी म्हटलं.

दिसतं कसलं! पण नाही म्हणवेना हो. माझी दिल्लीला बदली झाली तेव्हा सगळं सासर तोंड वाकडं करून बसलं होतं. "तू जा गं, या सगळ्यांकडे मी बघतो," म्हणणारे एकटे बाबाच. त्या माणसानं पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं, आणि तेही काय, तर बॉनेटमध्ये तोंड! ठरवलं. रविवारपर्यंत या गाडीचा आरसा करायचा. आणि मी एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी माघार नाही. मिलिंद तर नाहीच नाही.

ऑफिसात रजा टाकली. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून मी डिटेलिंगमधली, म्हणजे गाडी चकाकवण्यातली, पंडित झाले. मातीची एक खास वडी मिळते, ठाऊक आहे? ओल्या पत्र्यावरून ती हलक्या हातानं फिरवायची, म्हणजे रंगात रुतलेली धूळ निघून येते. मग पॉलिश. मग वॅक्स. तेही थापायचं नाही, पातळ हात मारायचा, धुरकट दिसेपर्यंत थांबायचं आणि मऊ फडक्यानं घासून काढायचं. एक दरवाजा झाला की दुसरा.

जानेवारीतलं नोएडाचं पाणी! बोटं माझीच आहेत की दुसऱ्या कुणाची, तेही कळेना. मिलिंद बाल्कनीतून चहा पीत म्हणाला, "काय गं, स्वतःचं वॅक्सिंग पार्लरमध्ये, आणि गाडीचं घरी?"

"खाली ये, म्हणजे तुझंही करते!" मी म्हटलं. तो आत पळाला.

अशी मी घासतेय, घामाघूम, तेही थंडीत, आणि तिथे आले खुराना अंकल. आमच्याच मजल्यावरचे. माणूस सोन्यासारखा, फक्त दुसऱ्याचं काम अंगावर घ्यायची फार हौस.

"ओहो, भाभी जी! इतनी चमका रहे हो?"

आता माझ्या हिंदीबद्दल आधीच सांगून ठेवते. केंद्र सरकारच्या ऑफिसात मी रोज हिंदीत टिपणं लिहिते. हिंदी पखवाड्यात निबंधाला उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा आहे मला! तेव्हा मी अगदी आत्मविश्वासानं म्हणाले, "बस अंकल, संडे को गाडी निकालनी है ना!"

म्हणजे काय? रविवारी गाडी काढायची आहे. बरोबर आहे की नाही? तुम्हीही हेच म्हणाला असतात!

अंकल एकदम गंभीर झाले. गाडीभोवती एक फेरी मारली. टायरला बुटानं ठोकून पाहिलं. "अच्छा, निकालनी है! कोई पूछ रहा है?"

मला ऐकू आलं 'पोछ रहा है'. पुसतंय का कुणी! एवढी मी समोर फडकं घेऊन उभी असताना? मला रागच आला. "और कौन पोछेगा, अंकल? मैं अकेली ही पोछती हूँ. बाकी किसी को हात नहीं लगाने देती!"

अंकल जरा बावरले. मग मान डोलवून म्हणाले, "टेंशन ना लो जी. मैं बात करता हूँ."

मला वाटलं, गाडी धुणाऱ्याशी बोलतील, धूळ उडवू नको म्हणून. "बिल्कुल, अंकल, करो बात!" मी म्हटलं. वर थँक्यूसुद्धा म्हटलं.

शनिवारी दुपारी बाबा आले. गेटपाशी रिक्षातून उतरले ते घरात न जाता सरळ गाडीपाशी. बाबा बॉनेटवर वाकले. पाहिलं. डोक्यावरची टोपी सरळ केली. बॉनेटमध्ये बघून! आणि म्हणाले, "सूनबाई, मीसुद्धा कधी एवढी चकचकीत नव्हती ठेवली." मला रडूच यायला लागलं. तीन दिवस गारठलेल्या बोटांना पहिल्यांदा ऊब आली.

तेवढ्यात खुराना अंकल आले. बरोबर एक उंचापुरा माणूस, त्याची बायको, मिठाईचा डबा, नारळ आणि लाल चुनरी. "ये मेरे साढू साहब," अंकलनी ओळख करून दिली.

मला वाटलं, गाडी बघायला आलेत. वाटणारच ना! तीन दिवस येता-जाता लोक थांबूनच बघत होते. साढूंनी दार उघडलं, आत बसले, हॉर्न वाजवला. त्यांची बायको आरशाला चुनरी बांधायला लागली. मी म्हटलं, किती कौतुक करतात ही माणसं! आपल्याकडे कुणी शेजाऱ्याच्या गाडीला नारळ आणेल?

साढूंनी उतरून बाबांना वाकून नमस्कार केला. "बाऊजी, गाडी कमाल रखी है. कल सुबह मैं ले जाऊँगा."

बाबा खूश होऊन माझ्याकडे वळले. "ड्रायव्हर ठेवलास होय उद्यासाठी? छान केलंस, मिलिंदला धुक्यात दिसत नाही." आणि साढूंना म्हणाले, "रस्ता माहिती है ना? पानिपत का?"

"पानिपत क्यों, बाऊजी? रोहतक!"

"रोहतक नहीं, पानिपत!"

"बाऊजी, मेरा घर रोहतक में है!"

"तुम्हारा घर कहीं भी हो, हमको पानिपत जाना है!"

"तो आप जाओ ना, बाऊजी, मेरी गाडी में क्यों?"

"तुम्हारी गाडी?" बाबांचा आवाज असा चढला की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या.

मिलिंद धावत खाली आला. खुराना अंकलशी कुजबुजला. मग मला बाजूला घेऊन कपाळावर हात मारला. "अगं बाई, काय बोलून बसलीस! इकडे 'गाडी निकालनी है' म्हणजे विकायची आहे! आणि 'कोई पूछ रहा है' म्हणजे गिऱ्हाईक आलंय का!"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. बाबा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही हो, ते चाललं असतं. त्यांचा चेहरा पडला होता. "विकायचीच होती तर विकायचीस," ते हळूच म्हणाले. "घासलीस कशाला एवढी?"

मी हात जोडले. बाबांना मराठीत, साढूंना हिंदीत, खुराना अंकलना दोन्हीत. सगळं सांगितल्यावर आधी अंकल हसले, मग साढू, आणि सगळ्यात शेवटी बाबा. चुनरी सुटली, मिठाई मात्र ते आग्रहानं ठेवून गेले. शाब्बास त्या माणसाची!

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं!

पण अंकलनी तोवर सोसायटीच्या ग्रुपवर टाकून ठेवलेलं, 'बढिया गाडी निकल रही है.' संध्याकाळभर आमची बेल वाजतेय. दर वेळी कुणीतरी विचारणार, "वो गाडी आपकी है?" आणि दर वेळी बाबा दचकून दाराकडे बघणार. शेवटी माझं डोकं फिरलं. एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, जाड मार्कर घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिलं:

यह गाड़ी निकालनी नहीं है!

शुद्धलेखन बिनचूक, उद्गारचिन्हासकट. आता तुम्ही म्हणाल, 'बेचनी नहीं है' लिहायचंस! पण दुपारीच दिल्लीची खरी हिंदी शिकले होते ना मी, मग ती वापरायला नको? पुठ्ठा काचेवर चिकटवला, बाबांना खिडकीतून दाखवला. ते म्हणाले, "आता कसं!" आणि जेवायला बसले.

रविवारी सकाळी आम्ही सगळे तयार. बाबा कोट-टोपीत, माझ्या हातात थालीपीठांचा डबा, मिलिंदकडे किल्ली. धुकंही विरळ झालेलं. खाली आलो, तर आमच्या गाडीला अगदी खेटून, आडवी, एक भलीमोठी एसयूव्ही उभी! मागे भिंत. माणूससुद्धा अंग चोरून जाईल इतकीच फट.

दिल्लीत आडवी गाडी लावणारे हँडब्रेक सोडून ठेवतात, म्हणजे ढकलता येते. आम्ही तिघांनी जोर लावला. बाबांनी कोट काढून जोर लावला. ढिम्म हलेना! मी गार्डला हाक मारली. "भैया, ये किसकी गाडी है? बुलाओ उनको, अभी के अभी!"

"मैडम, वो तो सुबह-सुबह फैमिली लेके एयरपोर्ट निकल गए. मंगल को आएँगे."

"हँडब्रेक लगाके? हमारी गाडी के आगे? तुमने रोका क्यों नहीं?"

"रोका था, मैडम," गार्ड बिचारा काचेवरच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "वो बोले, इस पे तो लिखा है, निकालनी नहीं है."

मिलिंदनं तोंड फिरवलं, खांदे हलताना दिसत होते. मी मुकाट्यानं मोबाईल काढून टॅक्सी बोलवायला लागले.

बाबांनी कोट पुन्हा चढवला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, मराठ्यांचं पानिपत निदान पानिपतला जाऊन झालं. तुझं पार्किंगमध्येच झालं!"