दर्याची ओटी

ताराक्का देवळात गेल्या की हात जोडायच्या आधी देवाची विचारपूस करायच्या. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाकायच्या आणि आजारी माणसाच्या खाटेशी बोलावं तशा आवाजात विचारायच्या, "बरं हाय न्हवं?" मग गाभाऱ्याकडे कान देऊन उभ्या राहायच्या. उत्तर मिळालं की काय कोण जाणे, पण मान हलवून घंटा वाजवायच्या आणि बाहेर पडायच्या.

मी लग्न होऊन सांगलीला आले त्या आठवड्यात सासूबाईंनी मला ताराक्कांबरोबर गणपतीला पाठवलं होतं. त्यांचा हा प्रकार बघून मला हसू आवरेना. ताराक्कांनी मला पायरीवर बसवलं आणि म्हणाल्या, "हसतीस व्हय गं? देवाला समदी मागत्यात. त्याला इचारतंय कोन?"

साठीच्या दशकाची ती सुरुवात. विश्रामबागेत तेव्हा घरं थोडी आणि मोकळी रानं जास्त. आमच्या घरामागच्या गल्लीत ताराक्कांचं कौलारू घर, पुढं दोन म्हशी आणि दारात तुळस. यजमान वारलेले, मुलगा एकच. माहेर वाईजवळचं. माहेरही कृष्णाकाठी आणि सासरही कृष्णाकाठी, याचा त्यांना कोण अभिमान. "मी आन् किस्नामाई एकाच वाटनं सासरी आलो," असं सांगायच्या. "मी रडत आले, ती गात आली, यवढाच फरक."

श्रावणात नदीला पाणी चढलं की सांगलीच्या बायका घाटावर जाऊन तिची ओटी भरत. ताराक्का सगळ्यांच्या पुढं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड पाण्यात सोडायचं आणि नदी ते वाहून नेईपर्यंत बघत राहायचं. नारळ वळणाआड गेला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. "घेटलं बाईनं," म्हणायच्या आणि घरी येऊन धारा काढायला बसायच्या. पाणी म्हणजे आपण दिलेलं पदरात घेऊन पुढं जाणारी बाई, एवढं त्यांचं पाण्याचं शास्त्र होतं.

अशा बाईचा मुलगा आरमारात गेला. त्यांच्या घराण्यात दीर, भाचे, पुतणे सगळे पलटणीत. पलटण म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. पण हणमंत बोटीवर गेला आणि त्यांचं सगळं गणित चुकलं. गल्लीतले पुरुष थट्टा करत, "नाव हनमंत ठिवलंसा, मग त्यो दर्या वलांडल्याबिगर राहतोय व्हय?" ताराक्का तोंडावर हसायच्या. पण पुढं पुढं दूध घालताना मला हळूच विचारायला लागल्या, "दर्या लय खोल असतोय का गं? किस्नामाईच्या डोहापेक्षा?" मीही समुद्र पाहिला नव्हता. जरासा जास्त असेल, असं मी सांगून टाकलं.

सासूबाईंची गोकर्णाला जायची इच्छा जुनी होती. त्या वर्षी दिवाळीनंतर बेत ठरला, मला सोबतीला घेतलं. ही बातमी ताराक्कांच्या कानावर गेली तशा त्या हात पुसत आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"वैनी, तितं दर्या हाय?"

"आहे की. देवळाला लागूनच आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मग मी बी येती. पोरगं ज्याच्या घरात ऱ्हातंय त्येला येकदा बगाय नगं?"

म्हशी जावेच्या हवाली झाल्या आणि आम्ही तिघी निघालो. मिरजेहून हुबळीपर्यंत रेल्वे, तिथून घाट उतरणारी मोटार, शेवटी होडीतून खाडी. ताराक्कांच्या मांडीवर सगळा वेळ एक गाठोडं होतं, त्याला त्या कुणाला हात लावू देईनात. आत इरकली खण, शेंडीचा नारळ आणि सांगलीची अस्सल हळकुंडं. दर्याची ओटी भरायची, असं त्यांनी मला सांगितलं. "पोरगं त्येच्या पदरात घालती, म्हंजे मग माजी काळजी मिटली."

गोकर्णात पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. वाळूवरून समुद्र दिसला आणि ताराक्का जागच्या जागी थांबल्या. बराच वेळ डोळ्यांवर हात धरून बघत होत्या.

"ह्येचा पल्याडचा काठ कुटं हाय?"

"अरबस्तानात," सासूबाई म्हणाल्या. सासूबाई मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या होत्या आणि ते कुणाला विसरू देत नसत.

"आन् माजं पोरगं मदीच?" ताराक्का एवढंच म्हणाल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

गोकर्णाचा क्रम ठरलेला आहे. आधी समुद्रस्नान, मग महागणपती, मग महाबळेश्वराचं शिवलिंग. सकाळी स्नान झाल्यावर ताराक्का गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. हळदकुंकू वाहिलं, तांदूळ आणि हळकुंडं सोडली, खणात नारळ ठेवून अलगद लाटेवर सोडला. "पोरगं तुज्या पदरात घाटलंय. सांबाळ," असं मोठ्यानं म्हणाल्या. लाट ओटी घेऊन मागं गेली. ताराक्कांनी हात जोडले आणि पुढच्या लाटेनं नारळ त्यांच्या नडगीवर आणून आपटला.

त्यांनी पुन्हा सोडला. समुद्रानं पुन्हा परत आणला. तिसऱ्यांदा त्या कमरेइतक्या पाण्यात गेल्या, जोर करून दूर फेकला. नारळ थोडा वेळ नाचला आणि सावकाश त्यांच्याकडेच यायला लागला. खण त्यांच्या घोट्याला गुंडाळला. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो ते गुरुजी काठावर उभे होते. ते कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "अहो बाई, समुद्र पुरुष आहे. नारळ द्या, फूल द्या. त्याला चोळीचा खण कशाला देता?"

"मी म्हणतच होते," सासूबाई म्हणाल्या. त्या अजिबात म्हणत नव्हत्या.

एरवी ताराक्का अशा बोलण्यावर पोट धरून हसल्या असत्या. आज त्यांनी ओला खण पिळला, नारळ पदरात घेतला आणि वाळूवर येऊन उभ्या राहिल्या. दर्यानं पोर पदरात घेतलं नाही, हा एकच अर्थ त्यांच्या डोळ्यांत होता. गुरुजींचं शास्त्र त्या अर्थाला पुरं पडणारं नव्हतं.

मग आम्ही महागणपतीला गेलो. ठेंगणी, साधी, दगडी मूर्ती. डोक्यावर एक खोलगट खूण आहे. रावणानं शिवाचं आत्मलिंग क्षणभर धरायला दिलं आणि गणपतीनं ते जमिनीवर ठेवून टाकलं, म्हणून रागावलेल्या रावणानं त्याच्या डोक्यात टोला हाणला, ती ही खूण, असं गुरुजींनी सांगितलं. मी ताराक्कांकडे बघत होते. त्या वाकल्या, पण "बरं हाय न्हवं?" म्हणाल्या नाहीत. नुसते हात जोडून पुटपुटल्या, "माज्या पोराला बग." महाबळेश्वरापाशी तेच, ताम्रगौरीपाशी तेच. कोटितीर्थाच्या तळ्यात एवढं हिरवं, गार पाणी, पण त्यात त्यांनी पायसुद्धा बुडवला नाही. ताराक्कांना देवाजवळ मागताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते बघवेना.

संध्याकाळी सासूबाई आग्रहानं आम्हाला पुन्हा वाळूवर घेऊन गेल्या. नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला काढून त्यांनी काठाशी नीट जोडीनं ठेवल्या आणि सूर्यास्ताबद्दल मला काहीतरी समजावून सांगायला लागल्या. तेवढ्यात एक लांबलचक लाट आली आणि चपला घेऊन गेली.

सासूबाईंचा सूर्यास्त तिथंच संपला. "अगं चपला, माझ्या चपला," म्हणत त्या पदर खोचून पाण्यात शिरल्या, आणि मी त्यांना धरायला धावले. चपला दिसेनाशा झाल्या होत्या. सासूबाई समुद्राला काय काय बोलल्या ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. मॅट्रिक झालेल्या बाईला ते शब्द येत असतील असं मला वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं पलीकडून ताराक्कांची हाक आली. त्या दूरवर वाळूत उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात एक चप्पल होती. आम्ही पोचेपर्यंत दुसरीही त्यांच्या पायाशी येऊन पडली. ताराक्का त्या चपलेकडे बघत होत्या, मग समुद्राकडे, मग पुन्हा चपलेकडे. आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"वैनी," त्या म्हणाल्या, "ह्यो काय बी ठिवून घेत न्हाई. बगा की. चपल दिली, आनून टाकली. नारळ दिला, आनून दिला. नदीला दिलं की गेलं, ती मागं वळून बगत न्हाई. ह्यो ज्याचं त्याला परत करतोय. आवं, मला दुसरं काय पायजे? माजं पोरगं बी असंच आनून दील दारात."

मग त्या तिथंच वाळूत बसल्या. पदरातला नारळ काढला, दगडावर फोडला, "दर्यानं परसाद दिलाय" म्हणत आम्हाला दिला, गुरुजींच्या घरी नेऊन दिला, वाटेत भेटलेल्या कोळणींना दिला. इतकं गोड खोबरं मी पुन्हा खाल्लं नाही. रात्री त्या दोन वेळचं एकदम जेवल्या.

दुसऱ्या दिवशी निघायच्या घाईत ताराक्का दिसेनात. शोधत गेले तर महागणपतीपुढं उभ्या. ओणवून सांगत होत्या, "काल माजं ध्यान नव्हतं बाबा, इचारायचं ऱ्हायलं. बरं हाय न्हवं? डोकं दुकतंय का अजून?" गुरुजींकडे त्यांनी हळद मागितली, त्या खुणेवर लावायला. आपली सांगलीची हळकुंडं समुद्रानं तेवढी ठेवून घेतली होती. मी ते त्यांच्या लक्षात आणून दिलं, तेव्हा म्हणाल्या, "असू दे. हमाली नगं व्हय त्येला?"

पासष्टात लढाई लागली तेव्हा गल्लीतल्या बायका ताराक्कांना धीर द्यायला जायच्या आणि त्यांच्याकडूनच धीर घेऊन यायच्या. हणमंत सुखरूप आला. त्याच्या लग्नात सुनेची पहिली ओटी ताराक्कांनी त्याच इरकली खणानं भरली. खाऱ्या पाण्यानं त्याच्या काठावर पांढुरके डाग पडले होते. सुनेच्या माहेरच्यांनी नाकं मुरडली, ताराक्कांनी तिकडं लक्षसुद्धा दिलं नाही.

पुष्कळ वर्षांनी, आरमारातली नोकरी पुरी करून हणमंत कायमचा घरी आला. त्यानंतरच त्या गेल्या, झोपेत, त्रास न होता. आदल्या महिन्यात त्यांनी मला आणि हणमंतला जवळ बसवून सांगून ठेवलं होतं. हणमंतच्या मनात आईच्या अस्थी गोकर्णाला न्यायचं होतं. ताराक्कांनी साफ नाही म्हटलं.

"दर्यात नगं रं बाबा. त्यो परत आनून टाकील, आन् मग पुन्यांदा म्हशींच्या धारा कोन काढंल? मला वाईला सोडा, घाटावर. तितनं मी माजी वाट धरून येती सांगलीला. पयल्यांदा आले हुते तशी. आवंदा रडत न्हाई."

हणमंतनं तसंच केलं. तो वाईहून परत आल्यावर काही दिवसांनी मी एकटीच सांगलीच्या घाटावर गेले. नदीला बेताचं पाणी होतं, कुणीतरी सोडलेली फुलं वाहत चालली होती. मी हात जोडायला गेले आणि थांबले. आधी वाकून विचारलं, "बरं हाय न्हवं?"