आडवी रेघ आणि ई

निर्मळ गावची रोझलीन वीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होती. छापखाना बंद पडला तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी, २००७ साली, तिला वालीवला परेशच्या छोट्या कंपनीत काम मिळालं. कारखान्यांतल्या वजनकाट्यांसाठी ते सॉफ्टवेअर बनवायचे. प्रोग्राममध्ये काही बदललं की जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा चालवायच्या आणि आधीचं चांगलं काही बिघडलं नाही ना, ते बघायचं, एवढं तिच्याकडे होतं.

दिवाळीनंतर ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले. त्यांच्यावर तीनशेपैकी निम्म्या चाचण्या नापास झाल्या. प्रोग्रामर अल्पेशला वाटलं, आपलंच काही चुकलं. तीन दिवस तो चांगला चालणारा प्रोग्राम उसवत बसला.

रोझलीनने नापास चाचण्यांचे निकाल छापून घेतले आणि पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचली. आकडे बरोबर होते. फक्त काही ओळींच्या सुरुवातीला एक आडवी रेघ आणि इंग्रजी ई आला होता. अल्पेश म्हणाला, ते किरकोळ आहे. तिला ते पटेना. चाचणीतला ओळ छापायचा तेवढा एकच हुकूम तिने वेगळ्या फाइलमध्ये लिहिला आणि ती फाइल जुन्या मशीनवर चालवली, मग नव्यावर.

"अल्पेश, यात आपला प्रोग्राम नाहीच. तरी नव्यावर ई येतोय."

तो उठून आला, त्याने ती फाइल दोन्ही मशीनवर स्वतः चालवून बघितली, तेव्हा उलगडा झाला. असे हुकूम वाचून पार पाडणारा जो प्रोग्राम असतो, त्याला शेल म्हणतात. नव्या मशीनवर त्याचं नाव तेच होतं, पण शेल दुसराच होता. ती रेघ आणि ई ही जुन्या शेलसाठीची खूण होती. नव्याला ती कळत नव्हती, म्हणून तो ती जशीच्या तशी छापत होता, आणि निकाल अक्षर न् अक्षर जुळत नसल्याने चाचणी नापास होत होती.

परेश म्हणाला, नव्यावरही जुनाच शेल लावू.

"गिऱ्हाइकाकडे कुठला असेल?" रोझलीनने विचारलं.

ते कुणालाच माहीत नव्हतं. मग दोन्ही शेलना सारखाच कळणारा हुकूम अल्पेशने तिला शिकवला, आणि चाचण्या एकेक करून तिनेच बदलल्या. आधी तिला सारखं विचारावं लागे. तिसऱ्या दिवसापासून लागलं नाही.

शुक्रवारी दोन्हीकडे सगळ्या चाचण्या पास झाल्या. नव्या चाचण्याही आता तुम्हीच लिहा, असं परेशने सांगितलं. सोमवारी तिने पहिली लिहिली: काट्यावर काहीच ठेवलं नाही तर काय होतं? प्रोग्राम अडकला. अल्पेश हसला आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला.