बस म्हटलं की खोबरं

पांढुर्ण्याच्या शाळेत मी इतकी वर्षं गणित शिकवते आहे की, ज्याला डोकं आहे त्याला मी काहीही शिकवू शकते, अशी माझी ठाम समजूत होती. आमच्या कुत्र्याने ती मोडीत काढली.

कुत्रा मुळात लेकीचा. ती शिकायला इंदूरला गेली आणि तो आमच्या गळ्यात पडला. अंगाने आडदांड, आणि समोर माणूस दिसला की त्याच्या छातीवर पुढचे पाय टेकवून विचारपूस करायची सवय. आम्ही ते कौतुकाने सांगायचो. मग मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मांडीचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि डॉक्टरांनी बजावलं की आता पुन्हा पडले तर अवघड आहे. इकडे मामाजी वॉकर धरून उभे राहिले की कुत्र्याला आनंद आवरत नसे. तो लांबून धावत यायचा.

मोहगावला आमची संत्र्याची बाग आहे. ती धाकटे दीर बघतात. ते म्हणाले, "वहिनी, संक्रांतीपर्यंत पाहा. नाही सुधरला तं मी त्याले बगीच्यात नेतो."

बगीच्यातली कुत्री रानडुकरांच्या अंगावर जातात. मिक्सर लावला की आमचा हा दिवाणाखाली शिरतो. तिथे त्याचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. लेक फोनवर रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नको. मी शिकवते त्याला." जणू नववीचा वर्गच होता.

मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. मारायचं नाही, रागवायचं नाही. हवं तसं वागला की लगेच खाऊ आणि शाबासकी. खाऊ म्हणून उकडलेली कोंबडी सांगितली होती. आमच्याकडे मार्गशीर्ष चालू. फुटाणे दिले, ते त्याने चाटून परत जमिनीवर ठेवले. संत्र्याची फोड दिली, तर नाक मुरडून निघून गेला. संत्र्यावर चालणाऱ्या घरात एवढा कृतघ्नपणा! शेवटी सुक्या खोबऱ्याचा तुकडा पुढे केला आणि स्वारी खूश झाली.

वर्ग बैठकीत भरायचा, कारण तिथेच मामाजींची खाट. मी "बस!" म्हणायची, तो बसला की खोबरं आणि "शाबास!" आता समोर म्हातारं माणूस असताना नुसतं कुत्र्याला खाऊ घालणं काही आपल्यात शोभत नाही. म्हणून त्याला एक तुकडा दिला की एक मामाजींनाही. ते तो गालात धरून चघळत बसायचे. आमचे हे तिथे असले की त्यांनाही मिळायचा. दीर बागेतून आले की त्यांच्याही हातावर ठेवायची. भाजीत मात्र खोबरं दिसेना. "रस्सा आहे का आंघोळीचं पाणी?" हे विचारायचे.

आठवड्याच्या आतच कुत्रा पटकन बसायला लागला. मी व्हिडिओ काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि स्टाफरूममध्ये मनसोक्त भाव खाल्ला. कुत्र्याचं काय, शिकवणाऱ्यात दम पाहिजे, असंही बोलून गेले.

घरी येऊन पाहते तर त्याच्या उड्या दुप्पट झालेल्या. कारण कळायला मला, गणिताच्या बाईला, बरेच दिवस लागले. तो उडी मारायचा तेव्हाच मी "बस" म्हणायची. तो बसायचा, खोबरं मिळायचं. त्याने सरळ हिशेब मांडला होता: उडी नाही तर "बस" नाही, आणि "बस" नाही तर खोबरं कुठलं? उदाहरण अचूक सोडवलं होतं. मांडून मीच दिलं होतं.

मामाजी खाटेवरून पाहतच होते. म्हणाले, "सूनबाई, काय करून राहिली तू? तू नाही, तोच तुले शिकवून राहिला."

मग मी पद्धत बदलली, चारही पाय जमिनीवर असतानाच खोबरं द्यायला लागले. पण लागलेली सवय सुटायच्या आतच संक्रांत दारात आली.

दीर जीप घेऊन आले. एका हातात बोरं-हरभऱ्याची पिशवी, दुसऱ्या हातात साखळी. कुत्र्याला मी मागच्या अंगणात बांधलं होतं. लेकाचा आवाज ऐकून मामाजी वॉकर धरून खाटेपाशी उभे राहिले, आणि तेवढ्यात पट्ट्यातून मान काढून कुत्रा घरात घुसला. माझ्या दोन्ही हातांत तिळगुळाचं ताट. खोबऱ्याचा पत्ता नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "बस!"

मामाजी मुकाट्याने खाटेवर बसले. आमचे हे खुर्चीत बसले. दीर हातातल्या साखळीसकट दिवाणावर टेकले. उभा राहिला तो फक्त कुत्रा. उडी मारायला समोर कुणी उभंच नाही हे पाहून तो घुटमळला आणि मामाजींच्या मांडीवर डोकं टेकून उभा राहिला. एवढी शिस्त माझ्या वर्गात मी कधी पाहिली नाही.

दीर भानावर आले. "हे काय होय, वहिनी? आपन सारे बसलो. कुत्रं तं उभंच हाय."

खरंच होतं ते. मी हरले होते. दीर साखळी घेऊन उठले.

मामाजींनी कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला. "राहू दे त्याले. मी शिकलो ना बसाले. तो आला का मी बसतो. दोघातून एक शिकला तरी भागते."

"अन् नाही बसता आलं, पडले तं?"

"पडलो तं पडलो," मामाजी म्हणाले. "हे दोघं सकाळी जाते, संध्याकाळी येते. तू बगीच्यात. दिवसभर माह्यापाशी कोन राहते रे, तू?"

दीरांनी साखळी नेऊन जीपमध्ये टाकली आणि परत येऊन चहा मागितला. मी आत गेले, गॅसवर पाणी ठेवलं आणि ओट्याला टेकून रडले. पाणी आटून गेलं, तेव्हा ते पुन्हा ठेवावं लागलं.