निंगप्पामामांचे दोन ठोके

दीड महिन्यापूर्वी दुपारी बार्शीहून फोन आला. निंगप्पामामांची मुलगी महादेवी बोलत होती. आप्पा पहाटे गेले म्हणाली, झोपेतच... आणि तुमच्यासाठी एक वस्तू ठेवून गेलेत, सवडीनं या. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं कशाला सांगू, मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. त्यांना एक गोष्ट सांगायची होती, ती आता कायमची राहिली, हे आलं.

सोलापुरातल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि दर हिवाळ्यात गॅदरिंगचं नाटक बसवायचे. मामा शाळेचे सुतार. अक्कलकोटकडचे; घरी कानडी, शाळेत मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. शाळेला रंगमंच नव्हता, नुसतं मैदान. त्यावर मामा स्टेज उभं करायचे आणि स्टेजच्या मागच्या भागात मुलांनी चढून उभं राहायच्या छातीएवढ्या उंच लेव्हल्स. थेट जमिनीवर टेकलेले बाभळीचे पाय, त्यांना तिरक्या पट्ट्या, वर फळ्या. फळ्या करकरू नयेत म्हणून मध्ये जुन्या चादरीच्या घड्या. प्रत्येक पायाखाली लाकडी पाट आणि पाटावर पाचर. सगळं झालं की गणिताच्या सरांना बोलावणं जायचं. सर अंगानं भारदस्त. मामा त्यांना अदबीनं वर चढवायचे आणि प्रत्येक फळीवर उडी मारायला लावायचे. सर कुरकुरायचे, पण मारायचे. त्याशिवाय एकाही मुलाचा पाय वर पडत नसे. मी चेष्टा केली की म्हणायचे, सरांचं वजन शाळेच्या कामाला येतंय, हे काय कमी हाय?

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या वर्षी प्रमुख पाहुणे भाषणभर धुळीनं खोकत होते, म्हणून त्या वर्षी मी शहाणपणा केला. भर दुपारी टँकर बोलावून मैदानावर सडा मारून घेतला. मामांना विचारलं नाही. स्टेज आदल्या दिवशीच उभं होतं, सरांच्या उड्याही झाल्या होत्या. पाणी उतारानं स्टेजखाली गेलं आणि काळ्या मातीनं ते पिऊन टाकलं. धूळ मात्र छान बसली. मी खूश.

चार वाजता मामा आले, खाली वाकले, आणि तसेच माझ्यापुढं येऊन उभे राहिले. हाताला चिखल. नाटक बंद करा, पायांखालची माती मऊ झालीया, म्हणाले. समोर पालक बसलेले, पाहुण्यांची गाडी फाटकात. मी तडकले. आता काही बंद होणार नाही, काय होईल ती जबाबदारी माझी, असं चार माणसांत सुनावलं.

मामांनी आवाज चढवला नाही. "जबाबदारी पडत न्हाय बाई," ते म्हणाले, "पोरं पडत्यात."

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. लेव्हलवर एका वेळी एकच मूल जाईल, आणि नाटक संपेपर्यंत ते स्वतः खाली बसून पाय सांभाळतील. काही हललं तर पाचर ठोकायच्या लाकडी मोगरीनं फळीला खालून दोन ठोके देतील. "दोन ठोके आले की पडदा. मग वर राजा बोलत असू द्या न्हायतर देव." मी मान डोलावली. शेवटी तीस मुलं लेव्हलवर चढून गाणार होती, ते मी काही गाळलं नाही. तेवढ्यापुरतं टिकेल, असं मनाशी धरलं.

नाटकभर मी बाजूला जमिनीवर, पडद्याच्या दोरीशी उभी होते. कान संवादाकडं नव्हते, फळ्यांकडं होते. शेवटी रेश्मा वर चढली. ही मुलगी बोलताना अडखळायची. तीन महिने मी तिच्याकडून ते स्वगत घोटून घेतलं होतं, आणि एकदाही ते सलग झालं नव्हतं. त्या संध्याकाळी ती बोलायला लागली आणि कुठंच अडली नाही. मैदान चिडीचूप. पहिल्या रांगेत तिच्या आईनं पदर तोंडाला लावलेला.

आणि ठोके आले. दोन. स्पष्ट.

मी पाऊल पुढं टाकून दोरीला हात घातला... आणि थांबले. चारच वाक्यं उरली होती. चार वाक्यांनी काय होतंय, असं वाटलं. एक झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला पुन्हा दोन ठोके आले, पण वेडेवाकडे. विंगेत तीस मुलं चढायच्या तयारीत उभी होती. चौथं वाक्य संपलं आणि मी पडदा ओढला. टाळ्या थांबेनात. गाणं राहिलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

स्टेजखाली मामा डावा हात धरून बसले होते. लेव्हलचा पाय पाटावरून घसरला होता, तो पाचरीसकट त्यांच्या बोटांवर. दुसरे ठोके त्यांनी बोटं अडकलेली असताना दिले होते. दवाखान्यात मुख्याध्यापकांनी विचारलं, पडद्याला उशीर कसा झाला. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "ढोलकी वाजत हुती की. बाईंना ऐकू गेलं नसंल."

स्वगताच्या वेळी ढोलकी वाजत नव्हती. मी गप्प राहिले.

दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. निवृत्त होऊन बार्शीला लेकीकडं जाईपर्यंत, पुढं सहा वर्षं, मामा तशाच हातानं लेव्हल्स बांधत राहिले. दर वर्षी स्टेजखाली बसत राहिले. दर वर्षी मी ठरवायचे, यंदा सांगायचं. दर वर्षी चहा व्हायचा, सरांच्या उड्यांवरून हसणं व्हायचं, आणि मी घरी यायचे. भित्री होते, दुसरं काही नाही.

गेल्या आठवड्यात बार्शीला गेले. महादेवीनं कपाटातून फडक्यात गुंडाळलेली मोगरी काढून दिली. ती हातात घेतली आणि मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं, ठोके ऐकले होते तेही.

"आप्पांना ठाऊक होतं, बाई," ती म्हणाली. "खालून तुमची पावलं दिसत होती त्यांना. ठोक्याबरोबर दोरीकडं गेली, आणि थांबली. मला म्हणाले होते, पोरगी पहिल्यांदा धड बोलत हुती, मीबी थांबलो असतो."

थांबले नसते ते. हे मला माहीत आहे, आणि त्यांनाही माहीत होतं.

शाळेत आता भाड्याचं लोखंडी स्टेज येतं. परवा तालमीला गेले तेव्हा मोगरी पडद्याच्या दोरीशेजारी खिळ्याला अडकवून आले. नवीन बाई नाटक बसवतात, मी निवृत्तीनंतरही जाऊन नुसती दोरीशी उभी राहते. स्टेजखाली कुणी नसतं. तरी मुलं वर चढली की मी दोरी घट्ट धरते, आणि ती उतरेपर्यंत सोडत नाही.