झोपवलेला संगणक आणि लईराईची शपथ
परवा नातीच्या संगणकातून तापलेल्या धुळीचा वास आला आणि मला किळस आली. डिचोलीजवळच्या आमच्या शाळेतल्या संगणकात खाणीची तांबडी धूळ शिरायची, पंखा घरघरायचा, हाच वास सुटायचा. विज्ञानाच्या सरांनी तो इंटरनेटवरून एका रोगसंशोधनाचं गणित फुकट सोडवायला जोडला होता. ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठीही डकवली होती. मी मुख्याध्यापक. सुट्टीआधी त्या घरघरीला विटून मी तो दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की आपोआप झोपेल, असा लावून ठेवला. झोपणं म्हणजे काही बंद होणं नव्हे, असं मला वाटलं. पण झोपेत गणितही थांबलं, उत्तर पाठवायची मुदत उलटली आणि महिन्याभराचं काम रद्द झालं. सुट्टीत संगणकाची खोली फक्त झाडूवाली उघडायची. शाळा उघडल्यावर सर माझ्यासमोरच तिच्यावर ओरडले, “बटण तूच बंद केलंस मगो?” लईराई देवीच्या शिरगावची ती बाई म्हणाली, “लईराईची शपथ सर, हांवें हातूय लावंक ना!” “खोटी शपथ घेतेस? देवी बघते हां!” सर म्हणाले. तो मीच झोपवला होता, हे मला उमगलं होतं. तरी मी समोरचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. पुढे ती त्या खोलीत शिरलीच नाही. उंबऱ्याबाहेरूनच वाकून केर ओढायची. सर, ती खरं बोलत होती. किळस धुळीची नाही, चहा पीत बसलेल्या त्या माणसाची येते.